आणखी एकच फोकस

सावनेर तालुक्याच्या जमिनीखाली कोळसा आहे आणि जमिनीवर खापरखेड्याचे औष्णिक वीज केंद्र आहे. २१० मेगावॅटचे चार संच आणि ५०० मेगावॅटचा एक, मिळून १,३४० मेगावॅट. वेस्टर्न कोलफील्ड्सच्या भूमिगत खाणींत इथली माणसे पाळीपाळीने उतरतात, वर येतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उतरतात. केंद्राची राख आसपासच्या गावांच्या वाट्याला येते. विजेची खरी किंमत काय असते, हे महाराष्ट्रात सर्वांआधी कोणाला समजायला हवे असेल तर ते आपल्याला. आणि याच तालुक्यात लग्नाच्या आदल्या रात्री घरच्या फ्यूजमध्ये जाडी तार गुंडाळून अंगणात हजार हजार वॅटचे फोकस पेटवणारेही आपणच आहोत. आजचा आरोप त्या तारेवर नाही. ती बिचारी जळते तरी. आरोप ती गुंडाळणाऱ्या हातावर आहे, ती गुंडाळायला सांगणाऱ्या तोंडावर आहे आणि शेजारी उभे राहून हसणाऱ्या आपणा सर्वांवर आहे.

विदर्भात लग्नसराई ऐन उन्हाळ्यात येते. बेचाळीस अंशांचा दिवस मावळलेला असतो, हळदीचे पाहुणे आलेले असतात, बैठकीत आणि आतल्या खोलीत दोन कूलर घरघरत असतात. डेकोरेशनवाला मांडवाच्या चार खांबांना चार फोकस बांधतो, त्यातले दोन एकेक हजार वॅटचे आणि दोन पाचशेचे. वीज कुठून घ्यायची? बैठकीतल्या बोर्डातून. तात्पुरती वेगळी जोडणी कोणी मागितलेली नसते, जनरेटरचा खर्च यादीतून केव्हाच खोडलेला असतो. फोकस लागतात, अंगण उजळते, बायका म्हणतात, आता कसे लग्नघर दिसते! पाव तास जातो आणि सगळे घर अंधारात बुडते. फ्यूज उडाला. वायरमनला हाक जाते. तो म्हणतो, “भाऊ, ह्या लाइनवर एवढा लोड नाही चालत.” उत्तर तयार असते, “अरे, एका रातीचा तर प्रश्न हाय. टाक नं जाडी तार!”

हे घर कोणाचे, असे विचारू नका. सावनेरातले, केळवदचे, खाप्याचे, पाटणसावंगीचे कोणतेही घर घ्या. आपले घ्या.

आता त्या अंगणातला हिशोब करू. तो करायला पाचवीचे गणित पुरते. चार फोकसचे ३,००० वॅट. दोन कूलर, प्रत्येकी सुमारे २०० वॅटचे, म्हणजे ४००. तीन पंखे, प्रत्येकी ७५ वॅटचे, म्हणजे २२५. एकूण ३,६२५ वॅट. घरातल्या विजेचा दाब २३० व्होल्ट. वॅटला व्होल्टने भागा, उत्तर येते सुमारे १५.८ अँपिअर. घराच्या वायरिंगचा भारतात रुळलेला नियम असा की दिव्यापंख्यांच्या एका सर्किटवर दहापेक्षा जास्त पॉइंट नसावेत आणि ८०० वॅटपेक्षा जास्त भार नसावा. आपण त्याच्या साडेचारपट भार टाकला. जुन्या घरांत या सर्किटला बहुधा एक चौरस मिलिमीटरची तांब्याची तार असते. पाइपातून भिंतीत गेलेली अशी तार दहा-अकरा अँपिअरच्या पुढे सुखाने जगत नाही, आणि विदर्भाच्या उन्हाळ्यात, तापलेल्या भिंतीत, तेवढेही तिला झेपत नाही.

पुढचा नियम जूलने १८४०च्या सुमारास सांगितला. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट. दहा अँपिअरच्या जागी १५.८ अँपिअर वाहिले की उष्णता अडीचपट होते. तारेवरचे साधे पीव्हीसीचे आवरण सत्तर अंशांपर्यंत टिकण्यासाठी केलेले असते. त्यापुढे ते मऊ पडते, पुढे ठिसूळ होते, त्याला तडे जातात. हे सारे भिंतीच्या आत घडते. बाहेर वरात असते, फोटो असतात, कुणाच्या तरी काकांचे “काय रोषणाई केली!” असते.

फ्यूज उडतो तो यासाठीच. भाराने भिंतीतली तार जळण्याआधी आपण जळावे, एवढेच त्याचे काम. एमसीबीचेही काम तेच, फक्त ती जळत नाही, खटका पाडते. तिच्या पोटात दोन धातूंची जोडपट्टी असते. भार जास्त झाला की पट्टी तापते, वाकते आणि खटका पाडते. थेट शॉर्ट झाला तर चुंबकाचे वेटोळे क्षणार्धात तेच करते. हे उपकरण जर्मनीत ह्यूगो स्टोट्झच्या कारखान्यात १९२४ साली आकाराला आले. त्याला शंभर वर्षे होऊन गेली. मानक सांगते की क्षमतेच्या १.४५ पट प्रवाह असेल तर एमसीबीने तासाभरात पडलेच पाहिजे, अडीचपटीच्या थोडे वर गेला तर मिनिटभरात. म्हणजे फ्यूजच्या जागी एमसीबी असलेल्या घरात हळदीच्या रात्री दहा अँपिअरची एमसीबी पडली, तेव्हा ती बिघडली नव्हती. घरात त्या क्षणी आपले काम चोख करणारी तेवढी एकच होती. आपण तिला काढून तिथे बत्तीस अँपिअरची बसवली. आता त्या तारेतून छत्तीस अँपिअर वाहिले तरी खटका पडण्याची खात्री नाही. दहाच्या हिशोबाने उष्णता जवळजवळ तेरापट. फोकस मात्र रात्रभर लागले, पाहुणे खूश झाले आणि यजमान म्हणाला, पाहा, प्रॉब्लेम सुटला!

सावनेरला या प्रकाराची ओळख नव्याने करून द्यायची गरज पडू नये. ‘एकच प्याला’ लिहिणारे राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी याच गावी वारले. आपण त्यांची पुण्यतिथी पाळतो, स्मारकाला हार घालतो. त्यांच्या नाटकात हुशार, मानी वकील सुधाकर पहिल्या पेल्याने बुडतो. तो पेला त्याच्यापुढे सरकवणारा तळीराम वैरी म्हणून येत नाही, तो मित्र म्हणून येतो आणि एकाच पेल्याने काय बिघडते, असा त्याचा भाव असतो. आपल्या प्रत्येक मांडवात एक तळीराम असतो. तो म्हणतो, आणखी एकच फोकस. तो म्हणतो, एकाच रात्रीचा प्रश्न. रात्र सरते, मांडव सुटतो, फोकस जातात. फ्यूजमधली जाडी तार मात्र तशीच राहते. पुढच्या पावसाळ्यात, पुढच्या दिवाळीत, नव्या गिझरच्या आणि इंडक्शनच्या भाराखाली ती न बोलता बसून असते. एका रात्रीसाठी घेतलेली सूट घराची कायमची व्यवस्था होते. सुधाकराचे तरी दुसरे काय झाले होते?

आता मूळ आरोपाकडे वळतो. पहिला आरोप दिखाव्याचा. लग्नाच्या बैठकीत जेवणाचे पदार्थ मोजले जातात, आहेर मोजले जातात, बँडचे भोंगे मोजले जातात. वॅट कोणी मोजले? लाखभराचे डेकोरेशन ठरवणारा बाप अडीच चौरस मिलिमीटरची नवी वायर ओढायला काही हजार लागतील म्हटले की कपाळाला आठ्या घालतो. भिंतीतली वायर पाहुण्यांना दिसत नाही, फोटोत येत नाही, तिच्यावर कुळाचे नाव लिहिता येत नाही. म्हणून ती स्वस्तातली, जुनी, जोडावर जोड दिलेली चालते. महात्मा फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज काढला आणि त्याच वर्षी डिसेंबरात कमी खर्चाचा, भटजीवाचून विवाह लावून दाखवला. गाडगेबाबा याच विदर्भाच्या मातीत गावोगाव ओरडून सांगत गेले की कर्ज काढून सोहळे करू नका. दीडशे वर्षांनी आपण काय केले? पुरोहिताची दक्षिणा घासाघीस करून कमी केली आणि त्या जागी डेकोरेटरला बसवले. पूर्वी ऋण काढून सण व्हायचा. आता घराची भिंत तारण ठेवून होतो.

दुसरा आरोप हातकामाच्या तिरस्काराचा. वायरमन “नाही चालत” म्हणाला तेव्हा त्याचे कोणी ऐकले? आयटीआयमध्ये वीजतंत्री दोन वर्षे शिकतो, परवाना घेतो, खांबावर आणि भिंतीत हात घालतो. त्याला आपण “ए पोऱ्या” म्हणून हाक मारतो, दोनशे रुपयांत मिटव म्हणतो आणि त्याने नकार दिला की दुसरा बोलावतो, जो काही न शिकता जाडी तार टाकून देतो. डॉक्टरने साखर खाऊ नका म्हटले तर आपण मान डोलावतो, वायरमनने भार टाकू नका म्हटले तर त्याला काम येत नाही असे ठरवतो. या देशात हाताने काम करणाऱ्याच्या ज्ञानाला ज्ञान न मानण्याची सवय फार जुनी आहे आणि तिचे मूळ कुठे आहे हे सर्वांना ठाऊक आहे. त्या सवयीचा दंड आता भिंतीतून वसूल होतो आहे.

याच आरोपाचे दुसरे अंग घरातच आहे. स्वयंपाकघरातला बोर्ड गरम लागतो, मिक्सर लावला की दिवा मंद होतो, खटका दाबताना चर्र आवाज येतो, कसला तरी जळका वास येतो, हे सर्वांत आधी कोणाला कळते? दिवसभर त्या बोर्डाला हात लावणाऱ्या बाईला. तिने सांगितले की उत्तर मिळते, “तुले काय समजते त्यातलं?” समजते तिलाच. गरम बोर्ड, मंदावणारा दिवा, वास आणि आवाज ही चारही दुखण्याची लक्षणे आहेत. ती ओळखायला पदवी लागत नाही आणि ती फेटाळायला मात्र घरात पुरुष असणे पुरेसे होते.

तिसरा आरोप शिक्षणाचा. महाराष्ट्राच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात विद्युतधारेच्या परिणामांचे अख्खे प्रकरण आहे. त्यात जूल आहे, फ्यूज आहे, घरातली वायरिंग आहे, शॉर्ट सर्किट आहे. सावनेरच्या प्रत्येक शाळेतून दरवर्षी मुले हे प्रकरण लिहून गुण मिळवतात. तीच मुले आठवडाभराने त्याच हाताने आपल्या भावाच्या लग्नात एकाच सॉकेटमध्ये तीन पिना घुसवतात. परीक्षेतला फ्यूज आणि भिंतीवरचा किटकॅट फ्यूज यांची त्यांच्या डोक्यात कधी भेटच झाली नाही. ती भेट घडवणे शिक्षकाचे काम होते. एका तासाला मुलांना घरी पाठवून आपल्या बोर्डावर किती वॅट आहेत ते लिहून आणायला सांगितले असते तरी निम्मे काम झाले असते. पण त्याला गुण नाहीत, म्हणून त्याला तास नाही.

चौथा आरोप सर्वांत मोठा, तो आपल्या नशीबवादाचा. आग लागते, वर्तमानपत्रात दोन ओळी येतात की शॉर्ट सर्किटमुळे आग लागली, आणि सगळे सुटतात. घरमालक सुटतो, डेकोरेशनवाला सुटतो, तळीराम सुटतो, नगरपालिका सुटते. शॉर्ट सर्किट आकाशातून पडत नाही. महिनोन् महिने तापून तारेचे आवरण फाटते, उघड्या तारा एकमेकींना भिडतात, तेव्हा ते होते. शॉर्ट सर्किट हा बहुधा शेवट असतो. सुरुवात असते जाड्या तारेची, कोणीतरी हौसेने, सर्वांसमक्ष केलेली. विजेच्या धक्क्याने आपल्या देशात अलीकडच्या वर्षांत दरवर्षी बारा हजारांहून अधिक माणसे मरतात, असे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे सांगतात. एखाद्या रोगाने एवढी माणसे मेली असती तर आपण लस मागितली असती. इथे आपण “वेळ आली होती” म्हणतो आणि तेराव्याला जेवून येतो.

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे आपल्या शेजारच्या भंडारा जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या विशेष कक्षाला आग लागली. सतरा बालकांपैकी दहा गेली. त्या वर्षी नोव्हेंबरात अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता कक्ष पेटला आणि अकरा रुग्ण दगावले. तेव्हा सारा महाराष्ट्र खवळला आणि ते योग्यच झाले. रुग्णालयांचे फायर ऑडिट करा, विजेचे ऑडिट करा, दोषींना शिक्षा करा, अशा मागण्या झाल्या. त्या मागण्या करणाऱ्यांत आपणही होतो. तो आवाज काढून झाल्यावर घरी येऊन आपल्यापैकी किती जणांनी आपल्या मीटरखालच्या बोर्डाचे झाकण उघडून पाहिले? सरकारी भिंतीतल्या तारेचा जाब विचारण्याचा हक्क त्यालाच शोभतो, ज्याने आपल्या भिंतीतल्या तारेचा जाब दिला आहे.

यावर काही हरकती ठरलेल्या आहेत. पहिली, लग्न आयुष्यात एकदाच होते. होय. म्हणूनच त्या रात्री घरात सर्वांत जास्त माणसे असतात, बैठकीत गाद्यांवर गाद्या असतात, दाराबाहेर नायलॉन-पॉलिस्टरचे कापड असते. हॅलोजन फोकसच्या दिव्याची काच अडीचशे अंशांच्या वर तापते, आणि तो फोकस मांडवाच्या कापडाला टेकवून बांधलेला असतो. आग लागायला वर्षातली सर्वांत सोयीची रात्र आपण निवडतो आणि त्याच रात्री फ्यूजसारख्या पहारेकऱ्याला रजा देतो.

दुसरी हरकत, हे महावितरणचे काम आहे. महावितरणवर टीका करायला पुष्कळ जागा आहेत, त्या टीकेत मीही सामील होईन. पण मीटरच्या पुढची वायरिंग आपली, तिची जबाबदारी आपली. मंजूर भारापेक्षा जास्त भार लागणार असेल तर तो वाढवून मागता येतो, कार्यासाठी तात्पुरती जोडणी मागता येते. आपण ती मागत नाही, कारण अर्ज करावा लागतो. कित्येक जण त्याहून सोपा मार्ग घेतात आणि रस्त्यावरच्या तारेवर आकडा टाकतात. २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे ती चोरी आहे. मंगलाष्टकांच्या वेळी मांडव चोरीच्या विजेवर उजळतो आणि त्याखाली उभे राहून वडीलधारी माणसे वधूवरांना सदाचाराचा आशीर्वाद देतात.

तिसरी हरकत, आजवर काही झाले नाही. जाडी तार एका रात्रीत घर जाळत नाही, हेच तिचे कपट आहे. ती प्रत्येक रात्री आवरण थोडे थोडे खाते. ज्या दिवशी काही होते त्या दिवशी हिशोब सांगायला घर उरत नाही.

चौथी हरकत जरा खरी आहे. ती गरिबांची. ज्याच्या घरात दोनच खोल्या, एकच सर्किट आणि घरमालकाने लावलेला सबमीटर आहे, त्याने नवी वायरिंग कोठून करायची? त्याला माझा दोष नाही. दोष त्या घरमालकाला आहे, जो भाडे दरवर्षी वाढवतो आणि वायर तीस वर्षे बदलत नाही. भाडेकरूला तापलेल्या बोर्डाखाली झोपवून जो भाडे घेतो, तो त्याच्या जिवाचे भाडे घेतो. त्याला गावाने जाब विचारला पाहिजे.

आरोप पुरे झाले. दोष सांगायचा आणि दुरुस्ती सांगायची नाही, हा सुधारकाचा धर्म नव्हे. खटका पडला तर काय करायचे ते नीट ऐका.

खटका पडला की लगेच वर करू नका. आधी पाहा, कोणती एमसीबी पडली आणि तिच्यावर घराचा कोणता भाग चालतो. त्या भागातले सगळे बंद करा, पिना काढा. मग एमसीबी वर करा. काहीच लावलेले नसताना ती तत्काळ पडली, तर तारेत किंवा पॉइंटमध्ये शॉर्ट आहे. तिथून पुढे आपले काम संपते आणि वायरमनचे सुरू होते. ती टिकली, तर एकेक वस्तू लावत जा. एखादी ठरावीक वस्तू लावताक्षणी पडली, तर त्या वस्तूतच बिघाड आहे. सगळे लागले आणि दहा-वीस मिनिटांनी पडली, तर रोग एकच आहे, भार जास्त झाला. वस्तूंवर लिहिलेले वॅट बेरजेला घ्या, २३० ने भागा, उत्तर एमसीबीवरच्या आकड्याशी ताडून पाहा. कागद बोलेल. गळती पकडणारी आरसीसीबी असेल आणि ती पडत असेल, तर प्रश्न भाराचा नसून वीज कुठेतरी गळते आहे. उन्हाळ्यात पहिला संशय कूलरवर घ्या. कूलरच्या ओल्या पत्र्याने विदर्भात दर उन्हाळ्यात माणसे मरतात. त्याला अर्थिंग असल्याची खात्री करा आणि पाणी भरताना त्याची पिन काढा. बोर्ड गरम लागत असेल, दिवे लुकलुकत असतील, पण खटका पडत नसेल, तर जोड सैल झाला असण्याची शक्यता मोठी. हा प्रकार सर्वांत फसवा, कारण त्यात पहारेकरी जागा असूनही त्याला काही दिसत नाही. तो बोर्ड त्या दिवसापुरता बंद ठेवा.

उपाय एमसीबी मोठी करणे हा कधीच नव्हे. तार आधी, एमसीबी नंतर, आणि एमसीबी तारेच्या ताकदीची. जड वस्तूंना मुख्य बोर्डापासून वेगळे सर्किट, त्याला किमान अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार. गिझर आणि एसीला स्वतंत्र. फ्यूज ठेवायचाच असेल तर त्यात योग्य मापाचीच फ्यूज वायर, हाताला लागली ती तार नाही. गुंडाळलेल्या एक्स्टेंशनवर भार टाकू नका, ती पूर्ण उलगडा. आग लागलीच तर आधी मेन बंद करा. वीज चालू असताना पाणी मारू नका.

आणि फोकस? हजार वॅटचा हॅलोजन साधारण वीस हजार ल्यूमेन प्रकाश देतो, दोनशे वॅटचा एलईडी तेवढाच देतो. आपल्या अंगणातले ३,००० वॅट ६०० वर येतात. कूलर-पंखे धरून सारा भार १,२२५ वॅट, म्हणजे ५.३ अँपिअर. उजेडात काडीचा फरक नाही. तरीही हे एलईडी वेगळ्या सर्किटवरच घ्या. एलईडीचा पर्याय होता, म्हणजे त्या रात्री आपण जे केले ते गरजेपोटी केले, असेही म्हणायची सोय उरत नाही. डेकोरेशनवाल्याकडे जुने फोकस पडून होते, आपण विचारले नाही, त्याने सांगितले नाही. एवढ्या आळसासाठी आपण घरातली माणसे पणाला लावली.

व्यक्तीने करायचे ते सांगितले, आता समाजाने करायचे. नगर परिषदेने मंगल कार्यालयाला परवानगी देताना त्याच्या विजेच्या तपासणीचा दाखला मागावा आणि तो दर्शनी भागात लावायला लावावा. डेकोरेशनचे कोटेशन वॅटसह लिहून देण्याचे बंधन गावातल्या व्यावसायिकांनी आपल्यावर घालून घ्यावे. गणेश आणि दुर्गा मंडळांनी महावितरणची तात्पुरती जोडणी घ्यावी, ती घरगुती दराने देऊ असे महावितरण उत्सवाच्या दिवसांत सांगतच असते. शाळांनी दहावीच्या त्या प्रकरणाची परीक्षा घरच्या बोर्डासमोर घ्यावी. महिला बचत गटांनी एका बैठकीत एका परवानाधारक वायरमनला बोलावावे, त्याला खुर्ची द्यावी, चहा द्यावा आणि त्याचे ऐकावे. तीस-चाळीस जुन्या घरांची तपासणी एकत्र ठरवली तर खर्चही प्रत्येकाच्या आवाक्यात येतो.

आणि एक काम कोणाच्याही परवानगीवाचून आजपासून करता येईल. सत्यशोधकांनी शपथा घेतल्या होत्या, आपणही एक घेऊ. ज्या मांडवात फ्यूजला जाडी तार बांधली आहे किंवा तारेवर आकडा टाकला आहे, त्या मांडवात जेवायचे नाही. यजमानाला कारण तोंडावर सांगायचे, पाहुण्यांच्या देखत सांगायचे. तो रागावेल. नाते दोन महिने ताणले जाईल. गावात चार घरांनी अशा चार पंगती सोडून दाखवल्या की पाचव्या बैठकीत आहेराच्या यादीआधी कोणीतरी विचारेल, फोकस किती वॅटचे आणि लाइन कुठून घेणार? तो प्रश्न वधूपित्याच्या तोंडून येईपर्यंत आपण सुशिक्षित आहोत, असे म्हणण्याचा आपल्याला अधिकार नाही.